सहा निळे टाके

दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझ्या आईला मॅटीवाल्या वहिनी म्हणत. मॅटी म्हणजे बारीक चौकडीचं जाड कापड. त्याच्या भोकांतून सुईदोरा घालून फुल्या-फुल्यांनी चित्र भरायचं. कॉलनीतल्या निम्म्या घरांत टीव्हीच्या डोक्यावर आईनं भरलेला एकतरी पोपट बसलेला असे, आणि जिथे पोपट नव्हता तिथे हरणांची जोडी होती. ही चित्रं तिच्या मनची नसत. बाजारात नकाशे मिळत: चौकटींचा कागद, प्रत्येक चौकटीत एक खूण, आणि खाली कुठल्या खुणेला कुठला रंग ते लिहिलेलं. आई म्हणायची, मला मोजता येतं, चित्र येत न्हाई.

माझे वडील, आप्पा, इंजिन ड्रायव्हर होते. दर काही वर्षांनी त्यांची डोळ्यांची तपासणी व्हायची. रंगीत ठिपक्यांनी भरलेलं एक पान समोर धरत आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायला सांगत. आप्पांनी तो आकडा कधी चुकवला नाही, आणि तपासणीहून आल्यावर ते आम्हाला सांगायलाही कधी चुकले नाहीत. घरातही रंगांच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. आईनं साडीला डाळिंबी म्हटलं की ते म्हणत, म्हणजे लाल. गुलबक्षी म्हटलं तरी लालच. मोरपंखी, चिंतामणी, आमसुली हे सगळे त्यांच्या मते बायकांनी दुकानदारांशी संगनमत करून काढलेले रंग होते. आई तोंड फिरवून हसायची आणि तिच्या लड्या डब्यात नीट लावून ठेवायची.

दोन हजारचं दशक निम्मं सरत आलं होतं. आप्पांच्या रिटायरमेंटला पाच महिने उरले होते. मी शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते आणि राहायला निमोण्याला मामांकडे होते. दौंडहून शिरूरला रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं हे खरं कारण, आणि आप्पांच्या वेळापत्रकातून सुटका हे त्याहून खरं. आमची घरं मूळची मेंढपाळांची. मामांच्या वडिलांपर्यंत वर्षातले आठ महिने रानोमाळ गेले. मग पाणी आलं, ऊस आला आणि घर एका जागी बसलं. मामांनी तरीही पंचवीस-तीस मेंढरं ठेवली होती. कशाला ठेवली, असं कुणी विचारलं की ते सांगत, ऊस बोलत न्हाई.

एका रविवारी मी दौंडला गेले तेव्हा आईनं मला खुणेनंच समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंकडे नेलं. काकूंच्या कपाटातून तिनं एक फोटो काढला. यार्डात उभं असलेलं लाल इंजिन, वर निळं आभाळ, मागे कडुलिंबाची झाडं, आणि इंजिनाच्या दांड्याला हात लावून उभे असलेले आप्पा. पांढरा शर्ट, गळ्याला लाल रुमाल. ड्युटीवरून उतरताना कुणीतरी सहज काढलेला फोटो, पण आप्पा त्यात असे दिसत होते की इंजिन त्यांनीच घरी बनवून आणलंय.

आईला ते चित्र मॅटीवर भरून आप्पांना निरोपाच्या दिवशी द्यायचं होतं. तिनं दुकानात विचारलं होतं. इंजिनाचा नकाशा नाही, ताजमहाल देऊ का, म्हणाले. "लोकांच्या टीव्हीवर पोपट बसवत आले," आई म्हणाली, "ह्यांच्यासाठी कवा काय भरलंच न्हाई." मग जरा थांबून तिनं बजावलं की चूक चालणार न्हाई, त्यांच्या नजरंतून सुटत न्हाई.

मी करून देते, असं मी जागच्या जागी सांगून टाकलं. माझी ही खोड जुनीच आहे. आधी हो म्हणायचं आणि मग कसं ते शोधायचं. त्या वेळी तर मला पायथन ही संगणकाची भाषा येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. वर्गात सर वेगळीच भाषा शिकवत होते. पायथन मी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून स्वतःच्या हिमतीवर शिकले होते, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका.

शिरूरच्या फोटो स्टुडिओतून फोटो फ्लॉपीवर घेतला. तो लहान करून आडवे एकशे वीस आणि उभे नव्वद ठिपके केले. एक ठिपका म्हणजे एक फुली. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. हे तिन्ही मिळून एकच मोठा आकडा बांधता येतो. लालला पासष्ट हजार पाचशे छत्तीसनं गुणायचं, हिरव्याला दोनशे छपन्ननं, निळा तसाच ठेवायचा आणि बेरीज करायची. मला हे फार आवडलं. आप्पांचा ड्युटीचा डबा असाच होता, एकावर एक तीन पुडं आणि वरून एकच कडी. वर भात, मधे भाजी, खाली भाकरी. एक डबा उचलला की सगळं जेवण हातात.

मग आईच्या धाग्यांचे रंग घेतले. काळा, पांढरा, करडा, हिरवा, निळा, पिवळा, लाल, आणि आभाळासाठी आकाशी. त्या प्रत्येकाचे तीन आकडे मी अंदाजानं ठरवले. प्रोग्रामनं फोटोची फाइल वाचायची, सुरुवातीच्या चौपन्न बाइट सोडून द्यायच्या, पुढे तीन-तीन बाइट उचलून एकेक ठिपका बांधायचा, त्याला सगळ्यात जवळचा धागा शोधायचा आणि कागदावर त्या धाग्याचा नंबर छापायचा. झाला नकाशा.

आईचं चित्र करण्याआधी तपासून बघावं एवढी अक्कल मला होती. तपासायला मी मामांच्या मेंढरांचा फोटो घेतला. पहिल्यांदा कागद छापून आला तेव्हा सगळी मेंढरं पाय वर करून पडली होती. फाइलमध्ये चित्र खालच्या ओळीपासून लिहिलेलं असतं हे मला माहीत नव्हतं. मामांनी कागद बघून विचारलं, काय रोग आला का. मी ओळी उलट्या केल्या, मेंढरं उभी राहिली. मग फोटो शेजारी ठेवून एकेक नंबर पडताळला. काळ्या मेंढराला काळा, पांढऱ्याला पांढरा, करड्याला करडा, पायाखालच्या गवताला हिरवा. एकही चूक नाही. मी इतकी खूश झाले की त्या संध्याकाळी मामींना भाकरी थापू लागले, आणि मामींनी मला पुन्हा माझ्या आकड्यांकडे पाठवलं.

आईचा नकाशा नऊ कागदांवर छापला. कॉलेजचा प्रिंटर फक्त काळं छापायचा, त्यामुळे कागदावर नुसते नंबर, आणि खाली यादी: पाच म्हणजे निळा, सहा म्हणजे पिवळा, असं. कागद चिकटवून, गुंडाळी करून मी काकूंच्या घरी पोचवली. कुठला धागा किती लागेल तेही प्रोग्रामनं मोजून दिलं होतं.

चार दिवसांनी गावातल्या बूथवर आईचा फोन आला. दुकानात निघाले होते, म्हणाली, पण यादीत निळा सगळ्यात जास्त कसा. मी म्हटलं, आभाळ आहे ना वर. मग पिवळा इतका कशाला, तिनं विचारलं. आता खरं तर मी फोटो उघडून बघायला हवा होता. पण माझा तोरा मघाशी सांगितलाच आहे. मी म्हटलं, उन्हाचा असेल. मी वर आणखी म्हटलं, "आई, संगणक चुकत नाही. तू फक्त मोज."

"बरं," आई म्हणाली.

मध्ये दोनदा दौंडला गेले तेव्हा काकूंकडे काम बघितलं. आईची एक रीत होती. एक रंग घेतला की तो सगळ्या कापडावर संपवायचा आणि मगच दुसरी लडी सुईत घालायची. आधी काळा, मग करडा, पांढरा, हिरवा. भडक रंग सगळ्यात शेवटी, कारण हाताच्या घामानं त्यांचा रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्याला लागतो. मी बघितलं तेव्हा कापडावर काळी चाकं होती, करडी खडी होती, मागे हिरवा कडुलिंब होता आणि एक पांढरा शर्ट अधांतरी उभा होता. सगळं फोटोबरहुकूम. नंतर माझी परीक्षा आली आणि दोन महिने मला जाता आलं नाही.

परीक्षा संपली त्याच आठवड्यात मामांची मेंढरं कातरून झाली. कातरल्यावर त्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढत, म्हणजे रानात दुसऱ्या कळपात मिसळली तरी कुणाची कुठली ते कळावं. ताजी कातरलेली, ताजी रंगवलेली मेंढरं मामा जरा जास्तच वेळ बघत उभे राहायचे. मी त्यांचा नवा फोटो घेतला, नकाशा छापला, आणि या वेळी मामांसाठी म्हणून स्केचपेनांनी प्रत्येक चौकट नंबराप्रमाणे रंगवली. कॉलेजच्या पायरीवर बसून, एसटीत बसून, रंगवतच होते. आकड्यांवर विश्वास ठेवायचा एकदा ठरवलं की डोळे सुट्टीवर जातात. मला काहीही खटकलं नाही.

मामांनी कागद हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"ही आपली न्हाईत," ते म्हणाले.

मी म्हटलं, मामा, तुमचीच आहेत, परवा नाही का मी फोटो काढला.

"पट्टा निळा हाय. निळा पट्टा नदीपल्याडच्या लोकांचा. आपला लाल." आणि ते खरोखरच उठून मेंढरांच्या वाड्याकडे गेले. काटेरी कुंपणापाशी उभे राहून त्यांनी मेंढरं मोजली आणि सगळी आहेत अशी खात्री करून परत आले. मी तोवर हसत होते. मामांना समजावण्यासाठी मी पिशवीतून फोटो काढला, कागदाशेजारी ठेवला, आणि माझं हसू तिथल्या तिथे विरलं. फोटोत पट्टा लाल होता. नकाशात तो पाच नंबर होता.

डबा खालून उघडला होता. त्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचे आकडे निळा, हिरवा, लाल अशा क्रमानं ठेवलेले असतात, आणि मी ते लाल, हिरवा, निळा समजून उचलले होते. मधलं पूड मधेच राहतं, म्हणून हिरवा बरोबर. काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगात तिन्ही आकडे जवळजवळ सारखेच असतात, ते कुठूनही वाचा, काही फरक पडत नाही. काळी-पांढरी मेंढरं आणि हिरवं गवत. जगात तपासायला याहून निरुपयोगी फोटो शोधून सापडला नसता, आणि मी तो घरच्या घरी शोधला होता.

आणि दौंडला माझी आई दोन महिने झाले निळं इंजिन भरत होती. पिवळ्या आभाळाखाली.

आप्पांच्या रिटायरमेंटला नऊ दिवस उरले होते. मी गावातल्या बूथवरून घरी फोन लावला. आप्पांनी उचलला. आई बाजारात गेलीय, काय काम आहे, म्हणाले. मी म्हटलं, सहज केला होता. सहज कोण फोन करतं, असं ते म्हणेपर्यंत मी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. वाटेत मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडत होते. एकूण फुल्या दहा हजार आठशे. त्यातल्या निळ्या आणि पिवळ्या मिळून निम्म्याच्या वर. एक फुली उसवायला किती वेळ, परत भरायला किती, दिवसाचे तास किती, मी आणि काकू धरून हात किती. कसंही मांडलं तरी नऊ दिवसांत बसत नव्हतं. बसमध्ये एक बाई कोंबडी घेऊन शेजारी बसल्या होत्या. तुझ्या घरी कुणी आजारी आहे का, असं त्यांनी विचारलं, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघा. मला उसवण्याची भीती तेवढी वाटत नव्हती. आईनं विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि मी तिला म्हटलं होतं की तू फक्त मोज. ते वाक्य मला दौंडपर्यंत गिळता आलं नाही.

घरी न जाता मी थेट काकूंकडे गेले. आई तिथेच खिडकीत बसून काठाला शिवण घालत होती. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली: माझी चूक झाली, उलटे आकडे घेतले गेले, आपण काहीतरी करू, मी कॉलेज बुडवून इथेच राहते. आई ऐकत राहिली. मग तिनं कापड माझ्या मांडीवर पसरलं.

इंजिन लाल होतं. आभाळ निळं होतं. चाकं, खडी, कडुलिंब, सगळं जिथल्या तिथे.

मी इंजिनाच्या फुल्या बोटानं चाचपून बघितल्या. मग विचारलं की तुला कसं कळलं.

"नकाशात आभाळ पिवळं आन् इंजिन निळं निघालं," आई म्हणाली. "झाडं बरोबर, रूळ बरोबर. म्हणलं, पोरगीनं मागनं वाचलंय."

मॅटी उलटी धरली की असंच होतं, असं तिनं मला समजावलं. उजवं डावीकडं जातं, डावं उजवीकडं, मधलं मधेच राहतं. मग तिनं काय केलं, तर जिथे निळा तिथे लाल घेतला, पिवळ्याला आकाशी, आणि हिरव्याला हात लावला नाही. दुकानात जायच्या आधीच तिनं हे ठरवलं होतं. मी जी चूक शोधायला हवी होती, ती तिनं नुसत्या कागदांवरून, सुई हातात न घेता, फोन ठेवल्या ठेवल्या पकडली होती. जवळपास माझ्या पुस्तकात लिहिलं असतं त्याच शब्दांत.

मग मला सांगितलं का नाहीस, मी जरा चिडूनच म्हटलं. चिडण्याचा मला काही हक्क नव्हता, पण चूक माझी असली की मला आधी राग येतो.

"तू म्हणालीस संगणक चुकत न्हाई. मी कुठं म्हणलं चुकला," आई म्हणाली. "मागनं वाचलं तर मागनं वाचलं. मोजलं तर बरोबर हुतं न्हवं." आणि तिनं दोरा दातानं तोडला.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसत सुटले, आणि हसता हसता रडले. काकूंनी चहा ठेवला.

आप्पांच्या शेवटच्या ड्युटीला त्यांचं इंजिन झेंडूच्या माळांनी सजवून आणलं होतं. गाडी वेळेत आली. ती वेळेत आली नसती तर आप्पा उतरले नसते असं सगळे म्हणत होते. दुपारी कॉलनीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शाल, नारळ, घड्याळ, भाषणं. शेवटी आईनं काकूंच्या हाती फ्रेम पुढे पाठवली, स्वतः बायकांच्या ओळीत मागेच बसून राहिली.

आप्पांनी चष्मा लावला. लोक टाळ्या वाजवत होते, पण आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी आधी चाकं मोजली. मग दांडा बघितला, खिडकी बघितली, कडुलिंब बघितला. मी आईकडे बघत होते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आप्पांचं बोट कापडावरून फिरत फिरत एका जागी थांबलं.

"रुमाल लाल होता," ते म्हणाले.

मी पुढे होऊन बघितलं. पांढऱ्या शर्टाच्या गळ्याशी सहा फुल्या होत्या, आणि त्या निळ्या होत्या. काकूंच्या खिडकीत इतकं बघूनही त्या माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. आईच्या हातून चुकून काही राहत नाही. पाच-सहा हजार फुल्या तिनं बरोबर फिरवल्या आणि या सहा तेवढ्या ठेवल्या.

"रुमाल लेकीनं सांगितला तसा भरलाय," मागून आई म्हणाली.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. उभ्या नोकरीत या माणसानं लालला दुसरं काही म्हटलं नव्हतं. घरात साडीलाही म्हटलं नव्हतं. आप्पा परत चित्राकडे वळले.

"मग निळाच होता," ते म्हणाले, आणि चष्मा काढून खिशात ठेवला.